आधी पिस्टन, मग बोअर

जुन्या गाडीचा पार्ट शोधायला निघालात की तीन शब्द सारखे कानावर पडतात : बसेल, चालेल, जुळेल. दुकानात हे तिन्ही एकाच अर्थाने वापरतात. पण गेल्या वर्षभरात हिंडून मला कळलं की हे तीन वेगळे शब्द आहेत. बसणारा पिस्टन चालेलच असं नाही. चालणारा पिस्टन महिनाभर चालून इंजिन घेऊन जाऊ शकतो. जुळणारा शोधायचा तर आपल्याकडे वेळ, मापं आणि खरं बोलणारा दुकानदार, या तिन्ही गोष्टी लागतात. तिसरी सगळ्यात कठीण.

गाडी यामाहा आरएक्स १००. तिची ओळख करून द्यायची गरज नाही, पण नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. १९८५ च्या अखेरीस एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने ती भारतात आणली आणि १९९६ मध्ये प्रदूषणाचे नियम कडक झाले तेव्हा ती बंद झाली. इंजिन टू-स्ट्रोक, ९८ सीसीचं. बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५० मिलिमीटर. ताकद ११ हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. त्यामुळे ती पळायची. आज तिला सगळे 'व्हिंटेज' म्हणतात, पण कायद्याने अजून ती व्हिंटेज नाही. २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात ठेवलेली गाडीच व्हिंटेज धरतात. म्हणजे आरएक्स १०० ही नुसतीच जुनी गाडी आहे. जुन्या गाडीला दर पाच वर्षांनी आरटीओसमोर उभं राहावं लागतं. व्हिंटेज असल्याचं कौतुक तिच्या वाट्याला येत नाही.

ही गाडी अब्बांची. ते उर्दू शाळेत शिक्षक होते आणि शाळा घरापासून अठरा किलोमीटरवर. १९९२ मध्ये त्यांनी ती सेकंडहँड घेतली आणि निवृत्त होईपर्यंत त्याच रस्त्यावर चालवली. ते गेल्यावर गाडी दोन पावसाळे ताडपत्रीखाली उभी राहिली. मग एक दिवस किक मारायला गेलो तर किक खालीच जाईना. उस्तादांनी हेड उघडलं. बोअरला गंज धरलेला, रिंगा खाचेत चिकटून बसलेल्या. पुढे इंजिन सोडवल्यावर आणखी एक दुखणं निघालं. क्रँकच्या एका बाजूचं बेअरिंग आपल्या घरात ढिलं झालं होतं. बेअरिंगची बाहेरची रिंग क्रँककेसमध्ये घट्ट बसायला हवी, ती तिथे फिरत होती.

कागदोपत्री गाडी तोवर अब्बांच्याच नावावर होती. मालक वारला की वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१ भरावा लागतो आणि बाकीच्या वारसांची संमती जोडावी लागते. म्हणून मी सोलापूरला आपाकडे गेलो. शरियतच्या हिशोबाने अब्बांच्या मालमत्तेत तिचा वाटा माझ्या निम्मा. घराचा आणि थोड्याशा जमिनीचा हिशोब आम्ही आधीच केला होता, गाडीचा राहून गेला होता. मी म्हटलं, आपा, गाडीची किंमत काढू आणि तुझा हिस्सा मी देतो. तिने सही केली आणि म्हणाली, "पैसे नकोत मला. पण एक ऐक. इंजिन तेच राहू दे. बाकी काय हवं ते बदल."

तिला इंजिनातलं काही कळत नाही. पण तिच्या या एका वाक्याने पुढचं सगळं काम ठरवून टाकलं. 'तेच इंजिन' म्हणजे नेमकं काय, हे मला त्यानंतर प्रत्येक दुकानात ठरवावं लागलं.

टू-स्ट्रोकचा पिस्टन एवढा नखरेल का असतो, ते आधी समजून घेऊ. फोर-स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोल आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला हेडमध्ये व्हॉल्व्ह असतात. आरएक्सच्या हेडमध्ये एकही व्हॉल्व्ह नाही. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या ठेवलेल्या आहेत, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वर-खाली होताना त्या उघडतो आणि झाकतो. म्हणजे पिस्टन हाच दरवाजा आणि पिस्टन हाच दरवान. तो वर जातो तेव्हा त्याच्या खाली क्रँककेसमध्ये पोकळी होते आणि रीड व्हॉल्व्हमधून नवं मिश्रण आत ओढलं जातं. खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या पोर्टांतून वर चढतं. वर जळणं आणि खाली पंप मारणं, दोन्ही एकाच वेळी.

यातून तीन गोष्टी निघतात. एक, पिस्टनची उंची. गजन पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतचं अंतर अर्ध्या मिलिमीटरने जरी चुकलं, तरी पोर्ट उघडण्याची वेळ बदलते. माथा जास्तच वर गेला तर हेडला टेकतो. दोन, पिस्टनच्या खालच्या घेरातल्या खिडक्या. त्या नेमक्या पोर्टासमोर यायला हव्यात. तीन, रिंगा. रिंगेची दोन टोकं जिथे मिळतात तिथे खाचेत एक बारीकशी पिन असते. ती रिंगेला गोल फिरू देत नाही. फिरली तर तिचं टोक पोर्टाच्या खिडकीत अडकून तुटतं आणि तुकडा बोअर ओरबाडत खाली जातो. ही पिन कुठे आहे, हे पिस्टनागणिक वेगळं असू शकतं. बाहेरून दोन पिस्टन जुळ्या भावांसारखे दिसतात, व्यासही तोच, गजन पिनही तीच. पण एकाची रिंग बरोबर पोर्टाच्या तोंडावर उघडते. तो पिस्टन 'बसतो'. किती दिवस, एवढाच प्रश्न.

आमच्या गावातल्या पहिल्या दुकानात मला तीन पिस्टन दाखवले. तिन्ही डबे एकाच कंपनीचे, छपाई मात्र तीन प्रकारची. एकावर चकाकणारं होलोग्राम होतं. मी तोच उचलला. उस्ताद शेजारी उभे होते. दुकानाबाहेर आल्यावर म्हणाले, "सर, डब्बा देखके माल नक्को लेव. डब्बा तो कोई भी छापता." मग त्यांनी घरून एक जुनी वही आणली. तिच्यात त्यांच्या हाताने लिहिलेले पार्ट नंबर होते, कधीकाळी कंपनीच्या कॅटलॉगवरून उतरवून घेतलेले.

यामाहाच्या पार्ट नंबरची रचना एकदा कळली की अर्धा बाजार स्वच्छ दिसायला लागतो. पहिली तीन अक्षरं-आकडे म्हणजे तो भाग सर्वांत आधी ज्या मॉडेलसाठी बनला त्या मॉडेलची खूण. मधले पाच आकडे म्हणजे भाग कोणता. ११३११ असेल तर सिलिंडर, ११६३१ असेल तर स्टँडर्ड मापाचा पिस्टन. तोच पिस्टन ०.२५ मिलिमीटर मोठा असेल तर ११६३५, ०.५० मोठा असेल तर ११६३६. शेवटचे आकडे पुढे झालेल्या बदलांचे. म्हणजे दोन वेगळ्या गाड्यांच्या कॅटलॉगमध्ये पूर्ण नंबर एकच निघाला तर तो भाग डोळे मिटून एकीचा दुसरीला लावा. मधले पाच आकडे तेच पण पहिली तीन अक्षरं वेगळी असतील, तर नाव एक आहे, वस्तू वेगळी आहे. 'पिस्टन' म्हणून दोघे भाऊ, मापाने परके. दुकानदार 'बसतंय की' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या डोक्यात फक्त मधले पाच आकडे असतात.

वर्गात मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. 'कम्पॅटिबल' या शब्दाला पाठ्यपुस्तकी मराठीत 'सुसंगत' म्हणतात. उर्दूत 'मुवाफिक'. अरबीतून आलेल्या याच मुवाफिकचं मराठीत 'माफक' झालं. जुन्या मराठी कागदांत माफक म्हणजे 'च्याप्रमाणे', 'शी जुळणारं' : हुकुमामाफक, कराराच्या माफक. पुढे अर्थ सरकत सरकत 'बेताचं' इथवर आला. मुलांना हे सांगितलं तर एक मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे माफक दर म्हणजे जुळणारा दर?" मी म्हटलं, खिशाशी जुळणारा, हो. 'अस्सल' आणि 'नक्कल' हे दोन्ही शब्दही अरबीतूनच आले आहेत, आणि स्पेअर पार्टच्या बाजारात या दोघांखेरीज पान हलत नाही. मला पुष्कळदा लोक कौतुकाने विचारतात, "सर, तुमचं मराठी एवढं चांगलं कसं?" त्यांना काय उत्तर द्यावं, हे मला या वयातही नीट सुचत नाही. हे शब्द मराठीत येऊन शतकं लोटली. त्यांना कुणी विचारत नाही.

असो. पिस्टनवर येतो.

उस्तादांची वही घेऊन मी पुण्याला नाना पेठेत गेलो. दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं तिथे ओळीने आहेत. सहा दुकानांत नंबर सांगितला. पाच ठिकाणी नंबर न ऐकताच पिस्टन काउंटरवर आला. सहाव्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकाने चष्मा लावून नंबर वाचला, आत गेला आणि दोन डबे घेऊन आला. पहिला पुढे सरकवत म्हणाला, "हा डुप्लिकेट आहे. धातू हलका आहे, गरम झाला की जास्त फुगतो. बोअरमध्ये जास्त मोकळीक ठेवलीत तर चालेल, पण खडखड करेल. किंमत तिसरा हिस्सा." दुसरा दाखवत म्हणाला, "हा कंपनीचा जुना स्टॉक. ०.५० आहे. डबा उंदरांनी खाल्लाय आणि रिंगा नाहीत. रिंगा वेगळ्या घ्याव्या लागतील."

मला त्या क्षणी धान्याच्या ढिगाची हदीस आठवली. पैगंबर बाजारातून जाताना एका ढिगात हात घालतात, बोटांना ओल लागते. विक्रेता म्हणतो, पाऊस लागला. त्यावर ते विचारतात, मग भिजलेलं धान्य लोकांना दिसेल असं वर का नाही ठेवलंस? लहानपणी मदरशात ही हदीस ऐकली तेव्हा ती मला धान्याविषयी वाटली होती. फिक्हमध्ये विकणाऱ्याने मालातला ऐब सांगणं हे कर्तव्य मानलं आहे. ऐब लपवला तर घेणाऱ्याला माल परत करायचा हक्क. नाना पेठेतल्या त्या दुकानदाराच्या काउंटरमागे गणपतीचा फोटो होता. त्याने दोन्ही मालांतली ओल वर काढून ठेवली होती. डुप्लिकेट माल विकण्यात गैर काही नाही. ज्याची ऐपत तेवढीच आहे त्याचीही गाडी चालली पाहिजे. गैर आहे ते डुप्लिकेट अस्सलच्या डब्यात घालणं. त्याने गंडतो तो बहुतेक गरीब गिऱ्हाईकच, कारण दुसऱ्यांदा इंजिन उघडायचा खर्च त्याला परवडत नाही.

मी उंदरांनी खाल्लेला डबा घेतला.

आता एक नियम, जो ऐकून घ्या, कारण यात पुष्कळ जण फसतात. आधी पिस्टन आणायचा, मग ब्लॉक बोअरिंगला द्यायचा. उलटं करायचं नाही. आरएक्सला स्टँडर्डनंतर ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० अशी चार मापं मिळतात. पण डब्यावर ०.५० लिहिलेले दोन पिस्टन मायक्रोमीटरखाली धरले तर दोघांत शतांश मिलिमीटरांचा फरक निघतो. पिस्टन आणि बोअर यांच्यात ठेवायची मोकळीक ही केसाच्या जाडीपेक्षाही कमी. त्यातच ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या साधारण दुप्पट फुगतं. म्हणून बोअरिंगवाल्याच्या हातात तोच पिस्टन द्यायचा, जो त्या बोअरमध्ये आयुष्य काढणार आहे. त्याला मोजून तेवढंच भोक, आणि मग होनिंग. रिंगा आणल्यावर प्रत्येक रिंग रिकाम्या बोअरमध्ये घालून, पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकलून, टोकांमधली फट फिलर गेजने बघायची. फट फार कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात. फार जास्त असेल तर दाब गळतो.

अस्सल शोधताना एक गोष्ट मात्र उलटी निघाली. मी जुन्या स्टॉकमधली कंपनीची ऑइल सीलं मिळवायच्या मागे होतो. उस्तादांनी हसून एक सील बोटांत दाबून दाखवलं, ते कडक झालं होतं. रबर डब्यात बसूनही म्हातारं होतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा पंप आहे, त्यामुळे क्रँकच्या दोन्ही बाजूंची सीलं हवाबंद हवीत. मॅग्नेटच्या बाजूचं सील गळलं तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापून पकडतं. क्लचच्या बाजूचं गळलं तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं आणि गाडी पांढरा धूर ओकते. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलंय. जुनं रबर त्याला टिकत नाही. इथे तीस वर्षांपूर्वीच्या अस्सलपेक्षा कालचं ताजं, चांगल्या प्रतीचं सील बरं. त्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते. तिन्ही आकडे जुळले की झालं.

बेअरिंगचं तर त्याहून सोपं. त्याच्या कडेला कोरलेला नंबर जगभर एकच अर्थ सांगतो. समजा ६२०४ लिहिलंय. शेवटच्या ०४ ला पाचने गुणा, आतला व्यास २० मिलिमीटर. बाहेरचा ४७, जाडी १४. ते मोटारसायकलमध्ये बसलेलं असो की पाण्याच्या पंपात, माप तेच. पुढे सी३ लिहिलं असेल तर आत जरा जास्त मोकळीक आहे, तापणाऱ्या इंजिनासाठी तसंच लागतं. 'आरएक्सचं बेअरिंग द्या' म्हणून गाडीच्या दुकानात विचारलं की भाव वाढतो. जुन्या बेअरिंगवरचा नंबर घेऊन बेअरिंगच्या दुकानात गेलात तर नामांकित कंपनीचं बेअरिंग कमी पैशात मिळतं. नावामागे न लागता आकडा विचारावा.

आता राहिला खरा पेच, ढिल्या झालेल्या घराचा. घर क्रँककेसमध्ये, आणि इंजिन नंबर कोरलेला असतो तोही क्रँककेसवर.

सल्ले तीन मिळाले. पहिला तरुण पोरांचा : सर, आता उघडलंच आहे तर १३५ चा ब्लॉक चढवा. आरएक्स १३५ चा स्ट्रोकही ५० च मिलिमीटर आहे, बोअर ५८, म्हणून इंजिन १३२ सीसीचं. स्ट्रोक एकच असल्यामुळे हे जमतं. पण मोठी स्लीव्ह आत जायला क्रँककेसचं तोंड कापून मोठं करावं लागतं. ते एकदा कापलं की परत मूळ ब्लॉक बसवायची वाट बंद. शिवाय आरसी बुकात ९८ सीसी आणि रस्त्यावर १३२, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला धरून नाही.

दुसरा सल्ला : कुर्ल्याच्या भंगार बाजारातून दुसरी क्रँककेस आणा. मी जाऊन आलो. सीएसटी रोडला एका गाळ्यात मला दोन मिळाल्या. एकीवरचा नंबर स्वच्छ होता, पण कुठल्या गाडीचा आणि ती गाडी कुठे गेली, याचा कागद नव्हता. दुसरीवरचा नंबर घासलेला होता. या गाडीला आज जो भाव आलाय, त्यामुळे तिच्या चोऱ्याही होतात. अशा क्रँककेसचा खरा मालक कुठेतरी आपली गाडी शोधत असेल. इंजिन बदलायचं तर पावती आणि कागद जोडून आरटीओत नोंद करून घेता येते. इथे जोडायला काहीच नव्हतं. आणि रस्त्यात गाडी अडवली, कागदावर एक नंबर आणि इंजिनवर दुसरा, तर ते कुणालाही महागात पडतं. लायसन्सवरचं माझं नाव वाचल्यावर विचारणाऱ्याचा सूर बदलतो, हे मी एरवीही पाहिलेलं आहे. गाळेवाला म्हणाला, "कोण बघतंय इंजिन नंबर?" मी म्हटलं, माझा बघतात.

ही सगळी कारणं व्यवहाराची. त्यांच्या खाली आपाचं वाक्य होतंच.

तिसरा सल्ला उस्तादांचा. ते म्हणाले, "घर ढिला हुआ तो घर नै बदलते सर. घर में भीत डालते." कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या काळापासून लेथवर मुरलेले कारागीर आहेत. तिथे आम्ही क्रँककेसचे दोन्ही अर्धे घेऊन गेलो. एकच नेला असता तर काम फुकट, कारण क्रँक दोन्ही बाजूंच्या घरांत फिरतो आणि दोन्हींचे मध्य एका रेषेत हवेत. कारागिराने दोन्ही अर्धे जोडून, चांगल्या बाजूचं घर प्रमाण धरून, ढिल्या बाजूचं घर किंचित मोठं करून घेतलं. त्यात बुश ठोकला आणि बुशाचं आतलं माप बेअरिंगला घट्ट बसेल असं काढलं. बेअरिंगही आम्ही सोबत नेलं होतं. इथेही तोच नियम, आधी वस्तू, मग भोक. पुढे क्रँक प्रेसवर उघडून नवा कनेक्टिंग रॉड, पिन आणि बिग एंड बेअरिंग घातलं आणि डायल लावून क्रँक सरळ केला.

माझी एक अडचण मात्र त्या लेथसमोर उभा असताना सुटली. महिनाभर मी प्रत्येक पार्टबद्दल 'हा अस्सल आहे का' असं विचारत होतो. कारागीर एकदाही त्या शब्दाकडे फिरकला नाही. तो दर वेळी विचारायचा, "कशात बसवायचंय? ते आणलंय का?" पिस्टन अस्सल हवा, कारण त्याचा आकार आणि धातू दोन्ही त्या सिलिंडरसाठीच ठरवलेले. सील ताजं हवं. बेअरिंग नंबरचं हवं. बुश तर कुठल्याच कॅटलॉगात नाही, तो त्या दिवशी, त्या एका घरासाठी, उद्यमनगरात जन्माला आला. आणि क्रँककेस मात्र तीच हवी, कारण तिच्यावर अब्बांचा नंबर आहे. एकाच इंजिनात इतक्या तऱ्हा. सगळ्यांना एकच कसोटी लावली असती तर किंवा खिसा रिकामा झाला असता किंवा इंजिन.

गाडी जोडताना उस्तादांनी पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे केला. प्लगच्या भोकातून सोल्डरिंगच्या तारेचा तुकडा आत सोडला आणि किक हाताने हळू फिरवून दाबलेल्या तारेची जाडी व्हर्नियरने मोजली. पिस्टनचा माथा आणि हेड यांच्यात जागा आहे, याची ही खात्री. मग ऑइल पंपातली हवा काढली. पुष्कळ मेस्त्री हा पंप काढूनच टाकतात आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला सांगतात. आम्ही पंप ठेवला. पहिल्या पाचशे किलोमीटरला मात्र टाकीतही थोडं ऑइल घातलं.

तिसऱ्या किकला इंजिन बोललं. मी मोबाइलवर आपाला आवाज ऐकवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "थोडा जाड वाटतोय." तिचं बरोबर होतं. नवं बोअर, नव्या रिंगा, आवाज अजून बसायचा होता. दोन महिन्यांनी ती स्वतः आली. मी दारात गाडी चालू ठेवली. तिने या वेळी आवाजाबद्दल काही म्हटलं नाही. पदराने टाकी पुसली आणि विचारलं, "पेट्रोल किती खाते रे?" हा प्रश्न अब्बांना अम्मी रोज विचारायची.

फॉर्म ३१ मंजूर झाला. तपासणीच्या वेळी निरीक्षकाने क्रँककेसवरची धूळ पुसून नंबर वाचला, कागदाशी ताडला आणि टिक केली. त्याला आतल्या बुशाशी काही कर्तव्य नव्हतं, आणि ते योग्यच आहे.

उस्तादांच्या वहीसारखी एक वही आता मीही केली आहे. शाळेच्या हजेरीपटाच्या शेवटच्या कोऱ्या पानांची. तिच्यात पिस्टनचा पूर्ण नंबर आहे, सीलांची तिन्ही मापं, बेअरिंगचे नंबर, बुशाचं आतलं-बाहेरचं माप आणि काम केल्याची तारीख. कुठलं दुकान खरं बोललं, तेही लिहिलंय. आपाचा धाकटा मुलगा सोळाचा आहे. सुट्टीत आला की गाडीभोवती घुटमळतो. त्याला मी ते पान दाखवलं आणि बोअरपुढचं माप वाचायला सांगितलं : ०.५०. म्हणजे अजून दोन मापं शिल्लक आहेत, ०.७५ आणि १.००.